दिवा दिवसा बघायचा असतो

काकांना मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा त्यांच्या उजव्या डोळ्यावर रुमाल बांधलेला होता. डहाणू स्टेशनबाहेर संध्याकाळचे साडेपाच वाजले होते. मी नाशिकहून आलेली, रस्त्यावरच्या दिव्यांचं कंत्राट घेतलेल्या कंपनीची नवीकोरी इंजिनिअर, आणि ते आमचे वायरमन. वय साठीच्या आसपास, अंगात खाकी शर्ट, खांद्याला कापडी पिशवी, पिशवीतून पक्कड डोकावतेय. "हे तुम्हाला सगळं गाव दाखवतील," एवढं सांगून सुपरवायझरने काढता पाय घेतला. मी आपुलकीने विचारलं, "काका, डोळे आलेत का?"

"नाय मॅडम. एक डोळा अंधारात ठेवलाय."

"कशाला?"

"सातला लागेल ने."

म्हटलं, झालं. घर सोडून इतक्या लांब नोकरी, आणि जोडीला हे असं. सात वाजता दिवे लागले. काका मला चिकूच्या वाड्यांकडे जाणाऱ्या रस्त्यावर घेऊन गेले, एका खांबाजवळ उभे राहिले, रुमाल डाव्या डोळ्यावर सरकवला आणि दीड तास झाकून ठेवलेल्या उजव्या डोळ्याने वर बघितलं. "वाडीतनं अंधारातनं माणूस येतो ने, त्याचा डोळा हा असा असतो. बघा, हा दिवा त्याला टोचतो. आपण बाजारात फिरून आलो, आपल्याला कळत नाय." मग पिशवीतून पाना काढला, शिडी लावली आणि दिव्याची मान दोन बोटं खाली केली.

त्या दिवशी खोलीवर जाऊन मी आईला फोनवर हे सगळं हसत हसत सांगितलं. सहा महिन्यांनी कंपनीने प्रशिक्षणाला पाठवलं तेव्हा तिथे एक जाडजूड पुस्तक मिळालं. अंधाराला सरावायला डोळ्याला अर्धा तास तरी लागतो, असं त्यात लिहिलं होतं, सोबत आलेख काढलेला. मी त्या आलेखाकडे बराच वेळ बघत बसले. हसायला अजिबात आलं नाही. आता माझ्याही पर्समध्ये एक जादा रुमाल असतो.

काका किती शिकले होते ते मी कधी विचारलं नाही. नगरपालिकेत पिवळ्या सोडियमच्या दिव्यांवर त्यांची सगळी नोकरी गेली होती आणि निवृत्तीनंतर आमच्या कंत्राटदाराने त्यांना ठेवून घेतलं होतं. एलईडीचा त्यांना राग नव्हता. राग होता तो दिवा लावून निघून जाणाऱ्या माणसांचा. "लावायला काय, माकडाला शिकवा, तोपण लावेल," असं ते माझ्यासमोरच म्हणायचे आणि मग माझ्याकडे बघून, "तुमाला नाय बोललो हां मॅडम." त्यामुळे मलाच बोलले हे पक्कं व्हायचं.

आमच्या कागदावर खांबांना नंबर होते. काका नंबर घ्यायचे नाहीत. त्यांच्याकडे प्रत्येक खांबाला माणसाचं नाव होतं. नर्सबाईंचा खांब, पाववाल्याचा खांब, दोन बहिणींचा खांब. त्या खांबाखालून रोज अंधार पडल्यावर कोण जातं, त्याचा तो खांब. एकदा मी वैतागून म्हटलं, "काका, रजिस्टरमध्ये मी काय लिहू? दोन बहिणींचा खांब बंद?" ते म्हणाले, "लिवा ने. नंबर बंद पडला तर कोण धावतो? दोघी बहिणी अंधारात हायत बोललात तर तुमी जेवण सोडून याल." मी लिहिलं नाही, पण जेवण सोडून गेले.

त्यांची तपासणीची रीत अशी. मला रस्त्याच्या पार टोकाला पाठवायचं आणि सांगायचं, चालत या. मी चालत यायची. माझा चेहरा ओळखू आला की ते हात वर करायचे, मी थांबायची, आणि ते आमच्या दोघांमधलं अंतर पावलांनी मोजायचे. दहा पावलांच्या आत आल्यावरच ओळख पटली तर दिवा नापास. माझं म्हणणं, रस्त्यावर उजेड किती पडतो ते मीटरने मोजलंय, कागदावर बरोबर आहे. "रस्त्याला काय बघायचंय, मॅडम? रस्ता कुठे जाणारे?" ते म्हणायचे. "समोरून कोण येतो ते बाईमाणसाला दहा पावलं आधी कळलं पाहिजे. मागे फिरायला तेवढी जागा लागते." एकटी मुलगी म्हणून मी आयुष्यभर रस्त्यांवरून चालले होते, दिव्यांचे आराखडे काढत होते, आणि हे माझ्या डोक्यात कधी आलं नव्हतं. मला माझी लाज वाटली.

खाडीजवळच्या मासळी बाजारात आम्ही पांढरेशुभ्र दिवे लावले तेव्हा तिथल्या मावश्यांनी काकांना घेरलं. एकीने बोंबील त्यांच्या नाकासमोर धरला. "ह्यो बघ. सकाळचा हाय, आणि तुझ्या दिव्यात मेल्याला आठवडा झाल्यासारखा दिसतोय. गिऱ्हाईक तोंड वाकडं करून जातं." मी मध्ये पडून दिव्याचे तांत्रिक गुण सांगायला लागले. काकांनी मला हाताने थांबवलं, तो बोंबील घेतला, पालथा केला, वास घेतला आणि म्हणाले, "मावशीचं बरोबर आहे." आठवड्याच्या आत गोदामातून थोड्या पिवळसर उजेडाचे दिवे शोधून आणून लावले. त्यानंतर मावश्या मला मासळी देताना म्हणायच्या, "शिकलेली असलीस तरी चांगली हायस." ही माझी स्तुतीच होती.

काकांच्या समोर कुणी 'दिव्याखाली अंधार' म्हटलं की त्यांच्या नाकाला मिरच्या झोंबायच्या. ते त्या माणसाला थांबवून समजवायचे की ही म्हण समईची आहे, देवघरातली, खांबाखाली अंधार असेल तर म्हण वापरू नका, वायरमनला हाकला. एका नगरसेवकाला भर सभेत त्यांनी हे ऐकवलं होतं म्हणे.

आणि दर अमावास्येला सुट्टी. पहिल्या दोन-तीन वेळा मला वाटलं काही देवदेवस्की असेल. ऑफिसात तशी कुजबुजही होती. शेवटी मी विचारलंच. त्यांची सासुरवाडी वाढवणची, कोळ्यांच्या गावाला लागून. तिथे जाऊन ते किनाऱ्यावर अंधारात नुसते बसायचे. "डोळे धुऊन येतो," म्हणाले. "महिनाभर दिवे बघून डोळ्याचं मातेरं होतं. मग कुठला दिवा चांगला नि कुठला वाईट, कळत नाय."

हे सगळं सांगितलं ते काका कसे होते ते कळावं म्हणून. पण मी त्यांना मानायला लागले ते गंजाडच्या पाड्यावर जे झालं त्यानंतर. तेही थोडं उशिराच.

शिमग्यानंतर आम्ही गंजाडच्या एका पाड्यापर्यंतच्या रस्त्यावर खांब टाकले. पाड्यातल्या बायका फुग्यांच्या कारखान्यात कामाला जायच्या आणि संध्याकाळी सातच्या टेम्पोने नाक्यावर उतरून अंधारात घरी यायच्या. वाटेत रस्त्याखालच्या मोरीपाशी घोणस निघायची. दिवे लागले त्या दिवशी त्यांनी खांबाला नारळ फोडला, मला गूळ-खोबरं दिलं. एका म्हातारीने माझ्या गालावरून हात फिरवून बोटं मोडली. मी आठवडाभर हवेत होते.

दसऱ्यानंतर काकांचा फोन आला. "मॅडम, उद्या गंजाडला या. सकाळी."

"सकाळी? दिवा बंद आहे का कुठला?"

"चालू आहेत सगळे. दिवा दिवसा बघायचाय."

गेले. रस्त्याच्या कडेने भाताची शेतं होती. गरवा भात, म्हणजे उशिरा तयार होणारा. लोंब्या बाहेर आल्या होत्या, इकडे त्याला पसवणं म्हणतात, आणि सगळं शेत पिवळट दिसायला लागलं होतं. फक्त नारळ फोडलेल्या त्या खांबासमोर एक तुकडा हिरवागार. एकही लोंबी नाही. मी शहरातली, मला तो छानच वाटला. म्हटलं, "इथे पाणी जास्त लागलं असेल."

काकांनी खिशातून एक कागद काढला. माझ्याच आराखड्याची झेरॉक्स होती. दिव्याचा उजेड जमिनीवर कुठवर आणि किती पडेल त्याच्या रेषा आम्ही कंप्युटरवर काढतो, दोन्हीकडे पसरलेल्या पंखांसारखा आकार येतो. काकांनी तो कागद माझ्या हातात दिला आणि मला बांधावर चढायला सांगितलं. "आता कागद बघा, आणि शेत बघा."

मी बघितलं. तोच आकार. तेच दोन पंख, तेच मधलं पोट, एका पंखाचं टोक बांधापलीकडे गेलेलं तेसुद्धा. माझं चित्र कुणीतरी हिरव्या भाताने शेतात काढून ठेवलं होतं. काका म्हणाले, "भाताला वाटलं दिवस मोठेच आहेत. रात्र मोठी झाली की ह्या भाताला कळतं, आता पसवायचं. आपण त्याला रात्रच दिली नाय." हे त्यांना कुणी सांगितलं असं मी विचारलं, तर म्हणाले, "भाताने सांगितलं, पंधरा दिवस येतोय मी इथे." कुठल्याही परिषदेत इतकं ऐकण्यासारखं मी तोवर काही ऐकलं नव्हतं.

पण त्यांनी मला त्यासाठी बोलावलं नव्हतं. ते मला शेताच्या मालकिणीकडे घेऊन गेले. माझ्या गालावरून हात फिरवणारी तीच म्हातारी. मुलगा गुजरातकडे बोटीवर खलाशी, वर्षाचे आठ महिने समुद्रात. वैशाखात त्याचं लग्न झालं होतं, सून उधव्याची. काकांनी विचारलं, "सून कुठे आहे, आजी?"

"माहेरी धाडली," म्हातारी म्हणाली. आवाजात राग नव्हता, त्यामुळेच ते ऐकायला जास्त वाईट वाटलं. "पाणी सारखा, खत सारखा. तो तुकडा तिने लावला, बाकी आम्ही लावला. तिचे हाताला भात नाय. आमचेकडे नवा भात आधी देवाला, मंग घरात. पयल्या लोंब्या त्या रस्त्याकडच्या तुकड्याच्या. त्याच आल्या नाय. असे हाताची सून घरात कशी ठेवू?"

"हात चांगला आहे तिचा," काका म्हणाले. "दिव्याची चूक आहे."

म्हातारी हसली. "दिव्याने भात अडतो? भात बघून माझे केस पांढरे झाले, वायरमन."

काकांनी माझ्याकडे बघितलं. मी पाण्याच्या बाटलीचं झाकण उघडलं, बंद केलं, परत उघडलं. बांधावरून उतरतानाच साहेबांना फोन करून झाला होता आणि त्यांनी बजावलं होतं की शेतीबितीच्या भानगडीत एक शब्द बोलायचा नाही, एकदा कबूल केलंत तर रस्त्याकडेच्या प्रत्येक शेतातून माणूस दारात येईल. शिवाय माझी खात्री नव्हती, असं मी स्वतःला सांगत होते. खोटं होतं ते. खात्री माझ्या हातातल्या कागदावर होती. पण मी म्हटलं, "बघू आजी, तपासावं लागेल." काका जीपकडे चालायला लागले.

दुसऱ्या दिवशी ते तेलाचा रिकामा डबा, पत्र्याची कात्री आणि काळा रंग घेऊन आले. डबा कापून त्यांनी दिव्याला शेताच्या बाजूने झडप केली. दिवा बंद करून टाकणं सोपं होतं, पण सातच्या टेम्पोने बायका यायच्या होत्या. तिन्हीसांजेला दिवा लागला. तासभर रुमालाखाली ठेवलेला माझा एक डोळा उघडून त्यांनी मला बांधावर उभं केलं आणि स्वतः शिडीवर. मी सांगायची, इथे पडतोय, तिथे पडतोय, आणि ते पत्रा अर्धं बोट वाकवायचे. चार वेळा चढले, चार वेळा उतरले. टेम्पो आला, बायका उतरल्या. काकांनी त्यांना विचारलं, "एकमेकींची तोंडं दिसतात का?" त्या म्हणाल्या, "दिसतात, पण बघण्यासारखी नायत." मोरी उजेडात होती आणि बांधापलीकडे शेत काळंकुट्ट झालं होतं. त्या पत्र्याची कड मी त्याच रात्री मीटर लावून तपासली. मला तो कोन काढायला कंप्युटर आणि अर्धा दिवस लागला असता.

कंपनीच्या फिटिंगला तेलाच्या डब्याचा पत्रा लावला म्हणून सुपरवायझरने काकांवर कागद करायला घेतला. गॅरंटी गेली, कामावरून काढणार, असं बरंच काही. काका म्हणाले, "लिव काय लिवायचं ते, पत्रा काढायला मात्र तूच चढ." सुपरवायझरला उंचीची भीती वाटायची. कागद माझ्या सहीला आला, तो मी खणात ठेवला आणि खणाला कुलूप लावलं. माझं शौर्य एवढंच.

दिवाळी झाली. काका रोज संध्याकाळी डहाणूहून स्कूटरने गंजाडला जायचे, दिवा बघायचे आणि परत यायचे. म्हातारी म्हणे ओटीवरून बघत राहायची, बोलायची नाही. मी एकदाही गेले नाही. तोंड नव्हतं.

कार्तिकात एके सकाळी फोन आला. "मॅडम, पसवला. या."

मी पोचले तेव्हा म्हातारी त्या तुकड्यात गुडघाभर आत उभी होती. बाकीचं शेत कापून झालं होतं. त्या दोन पंखांमध्ये नुकत्याच बाहेर आलेल्या लोंब्या होत्या, कोवळ्या, दाण्यात दूध भरायच्या आधीच्या. तिने एक लोंबी हातात धरली होती, पण तोडली नव्हती. काका लांब, रस्त्यावर उभे. आता ते बोलणार नव्हते हे मला कळलं.

"तू शिकलेली," म्हातारी मला म्हणाली. "तू सांग. दिव्याने झाला?"

"हो आजी. दिव्याने झालं. दिवा मी लावला होता. तुमच्या सुनेच्या हातात काही दोष नव्हता."

ती ओरडेल असं वाटलं होतं. ओरडली असती तर बरं झालं असतं. ती शेतातून बाहेर आली, पाय धुतले, आत जाऊन दुसरं लुगडं नेसून आली आणि आम्हा दोघांबरोबर जीपमध्ये बसली. "चल उधव्याला."

तलासरीवरून उधवा गाठेपर्यंत मी मनातल्या मनात वाक्यं जुळवत होते. त्या मुलीला काय सांगायचं, कुठून सुरुवात करायची, माफी मागताना 'मी' म्हणायचं की 'आम्ही'. गुजरातच्या हद्दीला टेकलेलं ते गाव, कौलारू घर, आणि अंगणात ती मुलगी सारवत होती. वीसही नसेल. सासूला बघून उठली, शेणाचे हात तसेच धरून उभी राहिली.

"चल घरला," म्हातारी म्हणाली. "तुझा तुकडा पसवला. पयल्या लोंब्या तूच काप."

मुलीने माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, "मी दिवेवाली. चूक तुझी नव्हती. त्या दिव्यामुळे..."

"म्हायत हाय," ती म्हणाली.

"कुणी सांगितलं?"

तिने मानेनेच काकांकडे दाखवलं. काका वाकून जीपच्या टायरमधली हवा बघत होते. "दसरा झाला नं, त्याचे दुसरे आठवड्याला आलेले स्कूटर घेऊन. बोलले, पोरी, तुझे हातात काय खोट नाय, दिव्याची चूक हाय, निजत जा नीट. बोलले, तुझी सासू माझा नाय ऐकत, मॅडमचा ऐकंल. मॅडम भली हाय, तिला जरा वेळ लागंल, पण ती येऊन सांगंल." मग तिने माझ्याकडे नीट पाहिलं. "मी रोज वाट बघत होती तुझी."

जीपमध्ये जुळवलेलं एकही वाक्य मला आठवलं नाही. ज्या आठवड्यात मी बाटलीचं झाकण फिरवत बसले होते, त्याच आठवड्यात ह्या माणसाने इतक्या लांब येऊन माझ्या वतीने शब्द दिला होता, आणि महिनाभर मला त्याची चाहूल लागू दिली नव्हती. टोचून एक शब्द नाही, आठवण नाही. मी येईनच, हे त्यांनी माझ्याआधी ठरवून टाकलं होतं.

मुलीने रांजणातलं पाणी घेऊन हात धुतले, आत गेली आणि लगेच पिशवी घेऊन बाहेर आली. पिशवी आधीच भरलेली होती.